म्हणे एका रविवारात पोस्टडॉक मिळते!

सडाफटिंग: परवा इथं पोस्टडॉकबद्दल, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या कामाबद्दल, कुणीतरी ठोकून दिलं, "निधी नाही ही रडगाणी बंद करा. एक रविवार बसा, दहा अर्ज टाका, एक लागतोच." तेव्हापासून डोक्यात जातंय ते. थिसिस जमा केल्यावर माझा व्हायवा (तोंडी परीक्षा) व्हायला चौदा महिने लागले, कारण एका परीक्षकाचा अहवालच येईना. नॅशनल पोस्टडॉक या सरकारी फेलोशिपला वयाची अट 35. डिग्री हातात आली तेव्हा गाडी सुटलेली. संशोधनाला निधी देणारं सरकारी मंडळ एसईआरबी जाऊन त्याच्या जागी एएनआरएफ आलं, 5 वर्षांत 50,000 कोटींचे मथळे झळकले. त्यातले बहुतेक सरकारबाहेरून यायचेत, हे मात्र बातमीच्या तळाशी.

जुना_पोस्टडॉक: ते वाक्य माझंच. नॅशनल पोस्टडॉकला थिसिस जमा केलेला चालतो, डिग्रीसाठी थांबावं लागत नाही. जाहिरात वाचली होतीस? आणि युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला वयाची अटच नाही, पीएचडीनंतर 8 वर्षं मिळतात. फक्त ज्या देशात जायचं तिथं आधीच्या 36 महिन्यांत 12 हून जास्त राहिलेलं नको. तारीख सप्टेंबरात असते, तिथल्या प्राध्यापकाला मेल मार्चमध्येच टाकायचा.

भातुकली: "मेल टाकायचा", वा! मी 43 टाकले. उत्तरं तीन, त्यातलं एक "मी रजेवर आहे" असं आपोआप आलेलं. बायकांना वयात 5 वर्षं सूट आहे म्हणून अर्ज केला, तर मुलाखतीत प्रश्न, "मूल लहान आहे, लॅबला कशा येणार?" बसनं, म्हटलं.

गावठी_समाजशास्त्र: सायन्सवाल्यांनो, तुमचं दुखणंही श्रीमंतांचं. आमच्याकडे समाजशास्त्रांना निधी देणारी सरकारी आयसीएसएसआर सोडली तर दारं किती? मी नऊ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे. उन्हाळ्यात पैसे बंद, जूनमध्ये त्याच कॉलेजात, त्याच टेबलासमोर परत मुलाखत. अर्जाला संस्थेचं पत्र मागितलं तर प्राचार्य म्हणाले, "तुम्ही आमचे आहात कुठे?"

सडाफटिंग: धागा तासिकेवर नेऊ नका, प्लीज.

गावठी_समाजशास्त्र: का? पीएचडीनंतर निम्मी माणसं जातात कुठे मग?

भातुकली: आमच्याकडे तासिकेची बिलं दिवाळी उलटून गेली तरी निघत नाहीत. फराळ उधारीवर.

जुना_पोस्टडॉक: सोडायची हिंमत नाही, मग तक्रार कसली?

गावठी_समाजशास्त्र: घरभाडं हिमतीनं भरता का हो तुम्ही? घरमालकाचा नंबर द्या, आमचंही त्याच्याशी जमवू.

भातुकली: हे जरा जास्त झालं, जुने. तुम्ही अर्ज लिहीत होता तेव्हा स्वयंपाक कोण करत होतं?

जुना_पोस्टडॉक: आई. बरं, "रविवार" मागे घेतो. सहा महिने घरी बसून लिहिलं होतं, वडिलांच्या पेन्शनवर. दहा अर्ज मात्र मागे घेत नाही, माझाही आठवाच लागला.

सडाफटिंग: मग हे आधी लिहायला काय झालं होतं? असो. थिसिस जमा केलेला चालतो हे गाइडनं सांगितलं नाही आणि मीही वाचलं नाही. झालं समाधान? आता परदेशासाठी प्रपोजल लिहितोय.

जुना_पोस्टडॉक: थिसिसचं शेवटचं प्रकरण चिकटवलं असशील.

सडाफटिंग: ...शेवटची दोन.

जुना_पोस्टडॉक: पाठव. लाल करून देतो.

गावठी_समाजशास्त्र: आमचंही वाचाल, की त्यातही हिंमत लागते?

जुना_पोस्टडॉक: पाठवा. समाजशास्त्रातलं मला ओ की ठो कळणार नाही, पण बजेट बघतो.