ब्लेकचा जोसेफ: प्रतीक चित्रात आहे की खालच्या मजकुरात?

काळी_शाई:
इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचं ‘ॲल्बियनच्या खडकांत अरिमथियाचा जोसेफ’ हे एनग्रेव्हिंग (धातूच्या प्लेटवर कोरून छापलेलं चित्र; ॲल्बियन म्हणजे ब्रिटनचं जुनं नाव) परवापासून डोक्यातून जात नाहीये. येशूसाठी स्वतःची कबर देणारा जोसेफ पुढे इंग्लंडात आला, ग्लॅस्टनबरीला त्याने पहिलं चर्च उभारलं, अशी मध्ययुगातली दंतकथा. चित्रात ना चर्च, ना त्याच्या दंतकथांमधला पवित्र पेला, ना पालवी फुटलेली काठी. नुसता एक दाढीवाला, हातांची घडी, नजर खाली, मागे समुद्र. खाली ब्लेक लिहितो: ‘ज्याला आपण अंधारयुग म्हणतो’ त्या काळात कॅथेड्रलं (भव्य चर्चं) बांधणाऱ्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या, कलावंतांपैकी हा एक, मेंढ्या-बकऱ्यांची कातडी पांघरून हिंडणारा. माझ्या मते ही घडी म्हणजे गिऱ्हाईक नसलेला कलावंत. ब्लेक स्वतःबद्दलच बोलतोय.

उगाच_शंका:
असहमत. १७७३ साली ब्लेक १५-१६ वर्षांचा, बझायर नावाच्या एनग्रेव्हरकडे उमेदवारी करणारा पोरगा. आकृती मायकेलअँजेलोच्या ‘पीटरचं क्रूसारोहण’ या भित्तिचित्रातून उचललेली. कसलं प्रतीक, हात बसवणं होतं ते! जोसेफचं नाव आणि हा मजकूर आला १८१०च्या आसपास, तीच प्लेट पुन्हा कोरायला घेतल्यावर. शिवाय जोसेफ पहिल्या शतकातला, गॉथिक कॅथेड्रलं बाराव्यापासूनची. हिशेब कुठे लागतो?

दगडफूल:
हिशेब लागू नये म्हणूनच तर दंतकथा! आपल्याकडे नाही का, गावोगावी पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ असतं. आणि कातड्यांची ओळ थेट बायबलातली, इब्री लोकांस पत्र, अध्याय ११: ‘जग त्यांच्या लायकीचं नव्हतं’. तिथे ती छळ सोसणाऱ्या श्रद्धावंतांबद्दल आहे. ब्लेकने ती गवंडी-शिल्पकारांच्या अंगावर घातली. हा एक माणूस नाही, घराणं आहे.

उगाच_शंका:
म्हणजे मजकुरातच सगळं. मजकूर झाका, मग काय उरतं?

काळी_शाई:
समुद्र उरतो. मायकेलअँजेलोकडे हा माणूस गर्दीत, उजव्या कोपऱ्यात आहे. गर्दी पुसून त्याला किनाऱ्यावर एकटा उभा केला तो १५-१६ वर्षांच्या पोरानेच, १७७३ मध्ये. नाव नंतर सुचलं असेल.

उगाच_शंका:
गर्दी कोरायला वेळ लागतो हो, तीही उमेदवाराला. बाकी समुद्राचा मुद्दा मान्य, निम्मा.