मदत हवी आहे : कॉलेजच्या आवारातली रोपं उन्हाळ्यात कशी जगवायची?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या आवारात आम्ही विद्यार्थ्यांनी कडुनिंब, करंज, चिंच लावली आहे. जमीन मुरमाड, हातभर खणलं की कुदळ खणखणते. गेल्या वर्षीची निम्मी रोपं एप्रिलच्या उन्हात डोळ्यांदेखत करपली, फार जीव तुटला. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की टँकरही पुरत नाही.

यंदा प्रत्येक रोपाशेजारी पाझरणारं मडकं पुरून वर कडब्याचं आच्छादन करायचा विचार आहे. कडब्यामुळे वाळवी लागते का? वसतिगृहाच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी घालावं, की त्यातल्या क्षारांनी मुळं खराब होतील? बोर, हिवर जास्त तग धरतील का? इकडच्या मुरमात ज्यांनी झाडं जगवलीत त्यांनी कृपया सांगा. सुट्टीत पाणी कोण घालायचं, तेही.