टोकनायझेशन: कूटबद्ध, सांकेतिक की बिल्ला?

कोथरूडकर: खरेदीच्या ॲपमधलं बटण मराठीत करायचंय: 'कार्ड टोकनाइझ करा'. मसुद्यात 'सांकेतिकीकरण' होतं, तपासनिसाने 'कूटबद्ध करा' केलं. कुठलं ठेवू?

शनिवारपेठी: कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्ट, साफ चूक. तिथे किल्ली लावली की मूळ आकडा परत येतो. टोकनात कार्डक्रमांकाच्या जागी दुसराच आकडा. जोडी फक्त रुपे-व्हिसासारख्या नेटवर्कच्या किंवा कार्ड देणाऱ्या बँकेच्या तिजोरीत. दुकानाचा डेटाबेस फुटला तरी चोराच्या हाती नुसते बिल्ले.

खवचट: तिजोरीविना, किल्लीवर चालणारी टोकनंही असतात.

शनिवारपेठी: असतात. इथे ती नाहीत.

मंडईवाला: मग 'बिल्ला'च घ्या की! सायकल स्टँडवरचा पत्र्याचा ४७ नंबर. त्यावरून सायकल हर्क्युलस की ॲटलस ते कळत नाही, आणि मंडईचा बिल्ला डेक्कनला चालत नाही. कार्डही तेच: किराण्याच्या ॲपला एक टोकन, औषधांच्या ॲपला दुसरं.

खवचट: पण बिल्ला दाखवेल त्याची सायकल! टोकन चोरून भागत नाही, दर व्यवहाराला नवं कूट, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त संकेत, लागतं.

तपासनीस: म्हणजे कूट आलंच ना?

व्युत्पत्तीवेडा: टोकनचं मूळ जुन्या इंग्रजीतलं 'टाक्न', म्हणजे खूण. संस्कृत 'दिश्' त्याचं चुलत भावंड. सरळ 'निर्देशांक' म्हणा.

मंडईवाला: तो सेन्सेक्सने कधीच पळवला.

शनिवारपेठी: शब्दापेक्षा आकडे सांभाळा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाला पूर्ण क्रमांक ठेवता येत नाही; शेवटचे ४ आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव, बस्स. टोकनचे शेवटचे ४ वेगळे असू शकतात. ग्राहक कार्डावरचे सांगतो, मदतकक्ष टोकनचे शोधतो, आणि परतावा 'सापडत नाही'. म्हणून पडद्यावर 'कार्डाचे शेवटचे ४ आकडे' असंच लिहा. आणि संमतीची चौकट आधीच टिक केलेली नको, रिझर्व्ह बँकेला चालत नाही.

कोथरूडकर: बटणावर 'कार्ड जतन करा' चालेल?

खवचट: जतन होत नाही हाच तर मुद्दा!

तपासनीस: 'टोकन तयार करा' लिहा. अनेकवचन मात्र 'टोकन्स' नको, 'टोकने'.

मंडईवाला: टोकने? बँकेत पितळी 'टोकनं' मिळायची. 'टोकने' कोण बोलतं?

व्युत्पत्तीवेडा: लिहिताना 'टोकने'च.

मंडईवाला: आणि बटणावर काय, बोलायचं की लिहायचं?