शेततळे खोल करावे की रुंद?

दादा: सर्वांना नमस्कार. सांगोल्याच्या डाळिंबाला मे महिन्यात पाणी पुरत नाही, म्हणून शेततळे वाढवायचे ठरले होते. त्याचा हिशेब देत आहे. सध्याच्या ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार एकास एक (एक मीटर खोलीला एक मीटर आत) धरून, २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. तेच ४० × ४० × ४ मीटर केल्यास ५२ लाख लिटर मावेल, मात्र त्यासाठी सुमारे ३,००० घनमीटर, म्हणजे हजाराहून अधिक ब्रास खोदाई करावी लागेल. पोकलेनवाल्याने घनमीटरमागे ५० रुपये सांगितले आहेत, म्हणजे दीड लाख रुपये झाले.

ताई: यात पाणी मुरू नये म्हणून अंथरायचा प्लास्टिकचा कागद धरलेला दिसत नाही. जुनाच पुन्हा अंथरता येईल का?

काका: नाही. काल मी कागदाची कड पुरलेल्या काठाच्या चरातली माती उकरून कागदाची घडी उलगडली, तर ती बोटाखाली तडकली, आणि दोन ठिकाणी उंदरांनीही कुरतडलेले आहे. नवा ५०० मायक्रॉनचा कागद चरासह सुमारे २,००० चौरस मीटर लागेल. जोडणीसह ९० रुपये दराने त्याचेच १ लाख ८० हजार होतात. २०१७ साली ‘मागेल त्याला शेततळे’ या सरकारी योजनेतून ५० हजार मिळाले होते, या वेळी अनुदान गृहीत धरू नये.

ताई: मग रुंदी तशीच ठेवून एक मीटर खोल केले तर? उन्हाने वाफही कमी होईल.

दादा: वाफेचे म्हणणे खरे आहे, उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर धरले, तर १,६०० चौरस मीटरवरून रोज १२,८०० लिटर पाणी उडून जाते, सध्याच्या तळ्यावरून ७,२००. परंतु उतारामुळे तळाची रुंदी २२ मीटरवर येते आणि एवढा खटाटोप करून जेमतेम ५ लाख लिटर वाढतात, कागद मात्र तरीही नवाच घ्यावा लागतो.

काका: शिवाय आपल्या विहिरीला साडेतीन मीटरवरच काळा पाषाण लागला होता. तसा तो तळ्यातही लागला तर खडक फोडणारा ब्रेकर आणावा लागेल, आणि त्याचे पैसे घनमीटरवर नव्हे, तासावर मोजावे लागतात. तिथे अंदाज चालत नाही. माझ्या मते खोली ३ मीटरच ठेवून ४० × ४० करावे: ४१ लाख लिटर पाणी, खोदाई १,९२० घनमीटर, म्हणजे ९६ हजार रुपये.

ताई: तेवढे पाणी भरणार कुठून?

दादा: वाढीव १९ लाख लिटरसाठी आपली मोटर तासाला २० हजार लिटर या हिशेबाने ९५ तास चालवावी लागेल. श्रावण-भाद्रपदात विहीर तुडुंब असते, तेव्हा ते जमेल.

काका: तरीही पोकलेनवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. रविवारी जेसीबीने पूर्वेकडच्या कोपऱ्यात, नव्या हद्दीत एक खड्डा घेऊ. कठीण थर वरच लागला, तर हा दरही बदलेल.