स्टीम डेकवर ब्राउझर फुलस्क्रीन होऊन अडकला, बाहेर कसं निघू? अर्जंट आहे

मानेवाडा_डेक
भाऊंनो लवकर कोणी सांगा प्लीज. माझ्याकडे स्टीम डेक आहे, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, एलसीडीवाला, मामेभाऊ बाहेरून येताना घेऊन आला होता. घरचा लॅपटॉप सीताबर्डीला रिपेरिंगला टाकला आहे आणि बहिणीचा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचा आहे, म्हणून म्हटलं डेक डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे साध्या कॉम्प्युटरसारखा, घेऊ आणि फायरफॉक्सवर भरून टाकू, शेवटी कॉम्प्युटरच आहे तो. सगळं बरोबर सुरू होतं. अक्षरं लय बारीक दिसत होती म्हणून वरच्या मेनूत जाऊन बोटाने मोठी करायला गेलो आणि एकदम पूर्ण स्क्रीनभर फक्त वेबसाइट. वरचे टॅब गायब, ॲड्रेस बार गायब, खालची टास्कबार पण गायब. कॉलेजांच्या कोडची लिस्ट दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवली आहे आणि तिकडे जाताच येऊन नाही राहिलं.

मोबाइलवर शोधलं तर सगळीकडे एकच, एफ ११ दाबा. पण डेकला कीबोर्डच नाही ना भाऊ. स्टीम बटन आणि एक्स सोबत दाबलं की कीबोर्ड येतो म्हणतात, तोही येऊन नाही राहिला. बी दाबून पाहिलं, काही नाही. मोबाइलसारखं वरून खाली बोट ओढून पाहिलं, काही नाही. बंद करून चालू केलं तर होईल कदाचित, पण ४० च्या वर ऑप्शन टाकून झाले आहेत, दुपारपासून बसलो आहोत दोघं, बहीण बाजूला रडकुंडीला आली आहे. बॅटरी ३१ टक्के.

सदर_वाला
सगळ्यात पहिले एक काम कर, फुलस्क्रीनचं नंतर पाहू. पेज खाली-वर सरकतं ना अजून? मग खाली जा आणि फॉर्मचं सेव्हचं बटन असेल ते दाब. फुलस्क्रीन असलं तरी पेज जिवंतच असतं, त्यातली बटनं चालतात. अशा साइटवर बराच वेळ काही केलं नाही की लॉगिन आपोआप निघतं, ती भीती मला फुलस्क्रीनपेक्षा जास्त वाटते. आधी भरलेलं वाचव.

आणि पॉवर बटन दाबून धरू नको. एकदा दाबून सोडलं तर डेक झोपतो, त्यात काही जात नाही, पण बराच वेळ धरून ठेवलं की मशीन सरळ बंद पडते आणि मग फॉर्म गेला समज. चार्जर लावून ठेव.

मानेवाडा_डेक
सेव्ह झालं दादा!! खालीच होतं बटन, मी घाबरून तिकडे पाहिलंच नाही. चार्जर लावला. पण टॅब अजून दिसत नाहीत, आणि उरलेले कोड त्या लिस्टमध्येच आहेत.

ट्रॅकपॅड_ताई
आता शांतपणे करू. दोन गोष्टी सांग. तू स्टीम, म्हणजे गेम चालवायचा प्रोग्राम, बंद केला होतास का डेस्कटॉपवर आल्यावर? आणि आत्तापर्यंत सगळं बोटानेच करतो आहेस ना, उजव्या बाजूच्या चौकोनी पॅडला हात लावला का?

मानेवाडा_डेक
हो ताई, स्टीम बंद केलं. फायरफॉक्स हळू चालून राहिलं असं वाटलं म्हणून कोपऱ्यातल्या आयकॉनवरून एक्झिट केलं. आणि हो सगळं बोटानेच, टचस्क्रीन आहे ना.

ट्रॅकपॅड_ताई
मग तुझं कोडं सुटलं. स्टीम बटन आणि एक्सने येणारा कीबोर्ड स्टीमचा आहे, डेस्कटॉपचा नाही. स्टीमच बंद तर तो येणार कुठून. पण स्टीम बंद असलं तरी उजवा ट्रॅकपॅड माउससारखा चालतो आणि वरच्या कडेचं उजवीकडचं बटन आर २ म्हणजे डावं क्लिक, एवढं डेक स्वतःच करतो.

आता अंगठ्याने ट्रॅकपॅडवरून बाण अगदी वर ने, स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकव आणि तिथेच क्षणभर थांब. क्लिक करू नको. फायरफॉक्सची टॅबवाली पट्टी आपोआप खाली सरकेल. बोटाने हे होत नाही कारण बोट म्हणजे थेट टॅप, बाण नुसता येऊन थांबला आहे हे ब्राउझरला बोटावरून समजत नाही. तू मोबाइलची सवय वापरलीस आणि ती इथे लागू पडत नाही एवढंच, यात तुझी काही चूक नाही.

पट्टी खाली आली की तिच्या रिकाम्या जागेवर बाण नेऊन डावीकडचं एल २ दाब, ते उजवं क्लिक आहे. त्या मेनूत फुलस्क्रीनमधून बाहेर निघायचा पर्याय असतो. किंवा उजवीकडच्या तीन आडव्या रेघा उघड, तिथे झूमची ओळ दिसेल, वजा, टक्के, अधिक, आणि त्याला लागूनच एक तिरपा बाण. तो बाण म्हणजेच फुलस्क्रीन. माझी खात्री आहे तू अक्षरं मोठी करायला अधिक दाबायला गेलास आणि बोट त्या बाणावर पडलं. ७ इंचाच्या स्क्रीनवर ती दोन चिन्हं इतकी जवळ येतात की माझंही एकदा हेच झालं होतं, ऑफिसच्या मीटिंगच्या ५ मिनिटं आधी.

मानेवाडा_डेक
आलं आलं आलं!!! बाण वर नेला आणि टॅब खाली आले. तिरपा बाणच होता ताई, अगदी बरोबर, मी तिथेच बोट लावलं होतं. बहिणीने तर टाळ्याच वाजवल्या. कोडची लिस्ट उघडली, उरलेले टाकून राहिलो आता. खरंच खूप खूप धन्यवाद तुम्हा दोघांना, आई म्हणून राहिली आहे त्यांना घरी तर्री पोह्याला बोलाव.

एक शंका राहिली. बी म्हणजे एस्केप ना? मग त्याने बाहेर काहून नाही निघालं?

सदर_वाला
तर्री पोहे पक्के, पण आधी फॉर्म सबमिट कर.

एस्केपचं असं आहे की फुलस्क्रीन दोन तऱ्हेची असते. एखादा व्हिडिओ तू मोठा करतो तेव्हा फुलस्क्रीन त्या वेबसाइटने मागितलेली असते, त्यातून एस्केपने बाहेर पडता येतं, मुद्दाम तसं ठेवलं आहे, कारण एखाद्या साइटने तुला पूर्ण स्क्रीनमध्ये कोंडून ठेवू नये. पण एफ ११ किंवा तो तिरपा बाण दाबला की ती तू स्वतः ब्राउझरला सांगितलेली फुलस्क्रीन, तिथे एस्केपला ब्राउझर जुमानत नाही, त्याला परत एफ ११ किंवा तोच बाण लागतो. क्रोममध्ये पण एस्केप नुसतं एकदा दाबून सोडलं तर चालत नाही. आणि गेम असेल तर तिसराच प्रकार, तिथे बऱ्याच गेमना आल्ट आणि एंटर लागतं, नाहीतर गेमच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन विंडोड, म्हणजे खिडकीत, करावं लागतं. म्हणून फुलस्क्रीन कोणी केली, साइटने, ब्राउझरने की गेमने, ते पहिले पाहायचं, बटन त्यावरून ठरतं. लोक नुसतं एफ ११ सांगून मोकळे होतात.

हिंगणा_रोड
यात मी एक जोडतो कारण कॉलेजच्या ग्रुपवर हाच घोळ दर आठवड्याला होतो. हे सगळं डेस्कटॉप मोडचं झालं. गेमिंग मोडमध्ये, म्हणजे डेकच्या गेम खेळायच्या मोडमध्ये, विंडो नावाची गोष्टच नाही समजा. तिथे खाली गेमस्कोप नावाचा प्रोग्राम चालतो आणि तो जे काही उघडलं असेल ते ताणून पूर्ण १२८० बाय ८०० वर दाखवतो. गेमच्या सेटिंगमध्ये तुम्ही विंडोड करा नाहीतर बॉर्डरलेस करा, समोर दिसायला पूर्ण स्क्रीनच दिसणार. मी स्वतः सुरुवातीला एका जुन्या गेमच्या सेटिंगमध्ये दोन तास घालवले की ही खिडकी लहान काहून नाही होत, लहान होतच नसते तिथे. बाहेर यायचं तर स्टीम बटन दाबा, डावीकडे मेनू येतो, गेम मागे तसाच राहतो. एखाद्या प्रोग्रामच्या दोन खिडक्या उघड्या असतील, म्हणजे गेम सुरू करणारा लाँचर वेगळा आणि गेम वेगळा, तर त्याच मेनूत त्या दोन्ही दिसतात आणि हवी ती निवडता येते. अडकलेला गेम अजिबातच ऐकत नसेल तर स्टीम बटन धरून बी लांब दाबा, गेम जबरदस्तीने बंद होतो. पण ते शेवटचं, सेव्ह न केलेलं सगळं जातं. कोणी फॉर्म भरताना गेमिंग मोडमधल्या ब्राउझरवर हे करू नका रे बाबांनो.

मानेवाडा_डेक
फॉर्म सबमिट झाला!! ६२ ऑप्शन, प्रिंटची पीडीएफ पण सेव्ह केली. आता निवांत विचारतो, हे परत झालं तर एफ ११ माझ्या हाताशी पाहिजे. स्टीम परत चालू केलं, कीबोर्ड पण आला स्टीम आणि एक्सने, पण त्यात एफ ११ कुठेच नाही?

ट्रॅकपॅड_ताई
अभिनंदन, बहिणीला सांग मनासारखं कॉलेज मिळो.

माझ्या डेकवरही त्या कीबोर्डला एफच्या बटनांची ओळ नाही, म्हणून मी ते मागच्या बटनावर ठेवलं आहे. डेस्कटॉपवर स्टीम उघड, सेटिंग, कंट्रोलर, आणि तिथे डेस्कटॉप लेआउट संपादित कर. मागच्या चारपैकी एक घे, मी आर ४ घेतलं आहे, त्याला कीबोर्डमधलं एफ ११ दे. मग ब्राउझरमध्ये कुठेही असो, मागे मधल्या बोटाने दाबलं की आत, परत दाबलं की बाहेर. स्टीम चालू असेपर्यंतच हे चालेल हे लक्षात ठेव, म्हणून हळू वाटलं तरी स्टीम बंद करू नको.

आणि जे मूळ दुखणं होतं, बारीक अक्षरं, त्यासाठी ब्राउझरचं झूम वापरूच नको. डेस्कटॉपच्या सिस्टिम सेटिंगमध्ये डिस्प्लेत स्केल असतं, ते १०० वरून १२५ कर. सगळंच मोठं होतं, मेनूसुद्धा, मग बोट चुकीच्या चिन्हावर पडणं पण कमी होतं. १५० केलं तर मला जागा फार कमी पडली, फॉर्मचे रकाने एकमेकांवर चढायला लागले.

धंतोली_०७
माझ्याकडे डेक नाही, आरओजी ॲलाय आहे, तसंच हातातलं गेमिंग मशीन पण विंडोजवालं. त्यावर पण असंच अडकायला होतं, त्याला काय करायचं? मी तर सरळ यूएसबी कीबोर्ड लावतो.

हिंगणा_रोड
यूएसबी कीबोर्ड डेकला पण चालतो की, ओटीजीची छोटी पिन लावून. पण डेकला सी पोर्ट एकच आहे, वरच्या बाजूला, म्हणजे कीबोर्ड लावला की चार्जिंग बंद, वर ३१ टक्क्यांवर कोणी रिस्क नाही घेणार. ब्लूटूथवाला बरा पडतो.

ॲलायवर विंडोज आहे म्हणून तुझ्याकडे पर्याय जास्त आहेत. विंडोजचा जुना ऑन-स्क्रीन कीबोर्ड, जो सर्चमध्ये ओएसके टाइप केलं की उघडतो, त्याच्यावर एफएन असं बटन आहे, ते दाबलं की आकड्यांच्या जागी एफ १ ते एफ १२ येतात. टच करताना आपोआप वर येणारा कीबोर्ड वेगळा, त्यात शोधत बसू नको. एकदा तो जुना टास्कबारला पिन करून ठेव म्हणजे शोधाशोध नाही. आणि ब्राउझर फुलस्क्रीन झाल्यामुळे टास्कबारच दिसत नसेल तर ॲलायच्या आरमरी क्रेट नावाच्या प्रोग्रामचं जे कमांड सेंटर आहे, स्क्रीनच्या बाजूच्या बटनाने उघडतं ते, त्यात डेस्कटॉप दाखवायची टाइल टाकून ठेवता येते. ब्राउझर खाली जातो, बंद होत नाही, मग पिन केलेला कीबोर्ड उघडून परत ब्राउझरवर ये.

धंतोली_०७
ओएसकेवालं जमलं, पिन केलं. इतके दिवस त्या टचवाल्या कीबोर्डवरच एफची बटनं शोधत होतो.

मानेवाडा_डेक
आर ४ वर एफ ११ ठेवलं, स्केल १२५ केलं. बहीण आता त्यावर कॉलेजांचे मागच्या वर्षीचे कटऑफ पाहून राहिली आहे, डेक काही मला आज रात्री परत मिळत नाही. सदर_वाला दादा, रविवारी सकाळी मोकळे आहात का?