अत्तरदाणी, कुपी की अश्रुपात्र?

प्रश्न : रोमन काळातील लांब मानेच्या, लहानशा काचेच्या बाटल्यांना वस्तुसंग्रहालयांत ‘अंग्वेंटेरियम’ म्हणतात. भाषांतरात मी ‘अत्तरदाणी’ लिहिले होते. संपादकांनी त्याचे ‘अश्रुपात्र’ केले. योग्य शब्द कोणता?

उत्तर : ‘अश्रुपात्र’ सर्वथा टाळावे. या बाटल्या थडग्यांत सापडत असल्यामुळे आप्तांनी त्यांत आसवे साठवली असावीत, असा तर्क जुन्या संग्राहकांनी केला आणि बायबलमधील ५६व्या स्तोत्रातल्या अश्रूंच्या उल्लेखाने त्याला बळ मिळाले. पण तशाच बाटल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातील घरांतूनही मिळाल्या आहेत. त्यांत सुगंधी तेले आणि लेप असत.

‘अत्तरदाणी’ची अडचण वेगळी आहे. आपले पारंपरिक अत्तर ऊर्ध्वपातनाने निघते, तर रोमन ‘अंग्वेंटम’ म्हणजे तेलात फुले, मुळे, राळ मुरवून केलेले सुगंधी द्रव्य. शिवाय अत्तरदाणी ही समारंभात पाहुण्यांपुढे फिरणारी, बहुधा चांदीची, मिरवायची वस्तू. रोमन बाटली तशी नव्हती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात पूर्व भूमध्य किनाऱ्यावर काच फुंकण्याची युक्ती सापडल्यावर काचेची भांडी इतकी स्वस्त झाली, की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, असे त्या काळच्या स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. अरुंद मानेमुळे तेल थेंबाथेंबाने ओतता येई आणि वासही लवकर उडत नसे.

म्हणून मी ‘सुगंधी तेलाची कुपी’ सुचवेन. आयुर्वेदाच्या रसशास्त्रातील ‘कूपीपक्व’ औषधे काचेच्या कुपीतच सिद्ध होतात, त्यामुळे काच आणि कुपी यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे.

शंका : ‘कुपी’ म्हटले की आज लसीची कुपी डोळ्यांपुढे येते. वाचकाचा गोंधळ होणार नाही का?

उत्तर : पहिल्या उल्लेखात ‘सुगंधी तेलाची’ हे विशेषण ठेवल्यास होणार नाही, पुढे नुसते ‘कुपी’ चालेल. गंमत अशी, की इंजेक्शनच्या ‘अँप्युल’चे मूळ लॅटिन ‘अँपुला’ या शब्दात आहे, आणि स्नानगृहात अंगाला लावायचे तेल नेण्याच्या बुधलीला रोमन लोक हाच शब्द वापरीत. तेलाच्या भांड्याचे नाव औषधाच्या भांड्याकडे जाण्याचा प्रवास त्यांच्या भाषेतही झालेला आहे.