मदत हवी आहे: मेंढीकोटात मेंढी नेमकी कधी सोडायची?

पडवीतली_पाहुणी

गौरी येण्याआधी मला मेंढीकोट धड खेळता यायला हवं. हसू नका, विषय गंभीर आहे.

लग्नाला दोन वर्षं झाली. सासर देवगडकडचं. गणपतीत रात्री जेवणं आटोपली की पडवीत सतरंजी पडते, कॅट निघतो आणि दोन वाजेपर्यंत कोणी उठत नाही. माझ्या माहेरी पत्ते म्हणजे झब्बू, बदाम सात, फार तर पाच-तीन-दोन. भिडू ही भानगडच नव्हती. आपण हरलो तर आपणच हरलो, शेजारच्याचं तोंड बघावं लागत नाही.

मला काय कळलंय ते आधी सांगते, चुकत असेल तर सुधारा. चौघं, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला 13 पानं. दश्शी म्हणजे मेंढी, अशा चार. तीन किंवा चार मेंढ्या ज्यांच्याकडे, ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त, ते. चारही घेतल्या तर कोट. उतरलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं. आमच्याकडे कट हुकूम असतो, म्हणजे ज्याच्याकडे तो रंग पहिल्यांदा संपतो तो जे पान टाकेल तो हुकूम.

आता गेल्या वर्षीचा गुन्हा. माझे भिडू काकासासरे. समोर सासूबाई आणि मोठे दीर. काकांनी बदामाचा एक्का उतरला, सासूबाईंनी तिर्री टाकली, मी सत्ती, दिरांनी राणी. हात आमचा. मग काकांनी बदामाचा राजा उतरला. माझ्याकडे बदामाची अठ्ठी आणि दश्शी. एक्का गेलेला, राजाला मारणारं पानच नाही, म्हणून मी खुशीत मेंढी सोडली. दिरांनी शांतपणे किलवरची पंजी टाकली. हुकूम किलवर, मेंढी त्यांची. काका एवढंच म्हणाले, "सूनबाई, ती अठ्ठी नव्हती हो." त्यानंतर रात्रभर काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

तर प्रश्न असा की मेंढी कधी सोडायची आणि कधी धरून ठेवायची? काही आडाखा असतो का? आणि एक किरकोळ: एकदा हातात चौकट असूनही मी हुकमाने कापलं, बदामाच्या मागे लपली होती. त्याला काय शिक्षा असते?

किलवरचा_गुलाम

राणी! ताई, राणी बघा. भिडूच्या नाही, समोरच्याच्या एक्क्यावर कोणी हौसेने राणी टाकत नाही. टाकली याचा अर्थ तिच्याखाली बदामाचं दुसरं पानच नव्हतं. म्हणजे दिरांकडचा बदाम तिथेच संपला, आणि हुकूम अजून झालेला नाही. पुढच्या बदामाला ते हुकूम करणार हे उघड होतं. अठ्ठी टाकायला हवी होती. राजा गेला असता, हात गेला असता, पण मेंढी राहिली असती.

पडवीतली_पाहुणी

अरे देवा. मला वाटलं होतं ते चुकून राणी वाया घालवताहेत. मनातल्या मनात मी हसलेसुद्धा.

आजोळ_सातारा

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. चूक दुसऱ्या फेरीत झालीच नाही, पहिल्या फेरीत झाली. काकांनी एक्का उतरला तेव्हाच दश्शी द्यायची. पहिल्या फेरीला बहुतेक सगळ्यांकडे तो रंग असतो, कापलं जाण्याची भीती सर्वांत कमी. दिरांकडे तर राणी टाकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एक्का, मेंढी आणि वर राणी, सगळं घरी आलं असतं. तुम्ही सत्ती टाकून स्वस्तात सुटायला गेलात आणि महाग पडलं.

मी लहानपणी शिकले ते असं: भिडूचा एक्का म्हणजे एसटीची शेवटची गाडी. मेंढी असेल तर बसवून द्यायची.

किलवरचा_गुलाम

हे मान्य. पण हातात त्याच रंगाची पाच-सहा पानं असतील तर पहिल्या फेरीलाही मी विचार करीन. आपल्याकडे जितकी जास्त, तितकी बाकीच्यांकडे कमी.

आजोळ_सातारा

बरोबर. इथे तीनच होती म्हणून बोलले.

आडाखा विचारलात, तर तुमचं पान कितवं आहे ते आधी बघा. शेवटचं पान तुमचं आणि हात भिडूचा असेल तर मेंढी डोळे मिटून सोडा, मागून मारणारं कोणी नाही. तिसरं पान असेल तर उरलेल्या एका गड्याचा विचार करावा लागतो, तुमची तशीच वेळ होती. आणि मेंढी सोडायला तोच रंग लागतो असं नाही. समजा चौकट चालू आहे, तुमच्याकडे चौकट नाही आणि काकांचा हात पक्का आहे. तेव्हा कापायच्या भानगडीत न पडता बदामाची मेंढी त्यावर द्या. फक्त कट हुकमात हुकूम आधी झालेला हवा, नाहीतर तुमचा बदामच हुकूम होऊन बसेल!

हुकमाची मेंढी तुमच्याकडे असेल तर मात्र ती भिडूची वाट बघत ठेवू नका. समोरच्यांनी हुकमाचा एक्का, राजा ओढला की ती उघडी पडते. शेवटचं पान आपलं असेल आणि कापायची संधी असेल तर दुर्री-तिर्री जपण्यात अर्थ नाही, त्या दश्शीनेच कापायचं. ती स्वतःच हात करते आणि स्वतःच घरी येते.

वऱ्हाडी_ठेचा

समोरच्यांची मेंढी काढायची कशी ते कोणी सांगितलंच नाही. तुमच्याकडे एक्का-राजा असेल तर लागोपाठ उतरा. ज्याच्याकडे दश्शी आणि एकच लहान पान असतं, त्याचं लहान पान एक्क्यावर जातं आणि राजावर मेंढी गळते. तुमच्या काकांचा बेत बहुधा हाच होता, सूनबाईंकडेच मेंढी आहे हे त्यांना काय माहीत!

आणि हातात एखाद्या रंगाचं एकुलतं पान असेल तर ते लवकर उतरून टाका. पुढच्या फेरीला आपल्या सोयीचा हुकूम आपणच करायचा. आमच्याकडे मात्र बंद हुकूम चालतो. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा एक पान पालथं ठेवतो आणि कोणाचा तरी रंग संपेपर्यंत ते उघडत नाही. मला तोच आवडतो, कटमध्ये नशिबाचा भाग फार.

इंदूरची_मावशी

आमच्याकडे याच खेळाला देहला पकड म्हणतात. फरक असा की हात जिंकला म्हणून लगेच उचलता येत नाही. एकाच माणसाने लागोपाठ दोन हात केले की मगच मधला ढीग त्याचा. तोवर मेंढ्या मध्ये पडून असतात आणि सगळ्यांचा जीव टांगणीला. गौरीला हा नियम काढून बघा, भांडणं होतील.

किलवरचा_गुलाम

पान असून कापल्याचं: आमच्या घरी तो डाव सरळ समोरच्यांचा. काही घरांत पान परत घेऊ देतात. बसायच्या आधी विचारून घ्या. आणि पानं लावताना बदामाशेजारी चौकट लावू नका, मध्ये इस्पिक किंवा किलवर घाला. लाल, काळा, लाल, काळा. निम्म्या चुका तिथेच संपतात.

सहा जण बसणार असाल तर दुर्ऱ्या काढून 48 पानं, प्रत्येकी आठ, तिघं-तिघं. तिथे हात चार-चार होऊ शकतात, त्याचंही आधी ठरवा.

पडवीतली_पाहुणी

सगळ्यांचे आभार. रविवारी शेजाऱ्यांना बोलावून सराव केला. नवरा मुद्दाम समोरच्या बाजूला. हुकूम किलवर झालेला. त्याच्या भिडूने चौकटीचा राजा उतरला आणि नवऱ्याने त्यावर खुशीत चौकटीची मेंढी सोडली, अगदी मी गेल्या वर्षी सोडली तशी. माझ्याकडची चौकट संपलेली, शेवटचं पान माझं. किलवरच्या दश्शीने कापलं.

एका हातात दोन मेंढ्या. "ती अठ्ठी नव्हती हो," असं म्हणायचा मोह झाला होता, आवरला. आता एकच शंका: सासूबाईंच्या विरुद्ध कोट केला तर सकाळचा चहा कोणी करायचा, याचा काही नियम आहे का?